कृत्तिकांच्या वाटेवरचे शेंडेनक्षत्र

तासगावइतके आकाशाकडे पाहणारे गाव महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. पहाटे अंगणात आलेला माणूस दात घासण्यापूर्वी मान वर करतो, दुपारी बाजार समितीच्या आवारात हमालांपासून अडत्यांपर्यंत सर्वांची नजर एकदा तरी वर जाते, आणि रात्री दुकानाचे शटर ओढताना शेवटची पाहणीही आकाशाचीच होते. ही पाहणी ताऱ्यांसाठी नसते, ढगांसाठी असते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डिसेंबरात वेलीवर कोवळा घड असतो. चार दिवस ढग राहिले तर भुरी, दव वाढले तर दावण्या, आणि मणी भरल्यावर अवकाळी पाऊस आला तर तडे. बंगालच्या उपसागरात कोठे तरी वादळ घोंगावल्याची बातमी आली की शेकडो मैलांवरच्या या तालुक्यात औषधफवारणीची धांदल उडते. ज्यांच्या पेढीचे वर्षाचे गणित द्राक्षावर आणि बेदाण्यावर उभे आहे, त्या व्यापारी घरांनाही ही चिंता सुटत नाही. त्यामुळे निरभ्र रात्र दिसली की तासगावकर सुटकेचा निःश्वास टाकून झोपी जातो. आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच्या छपराच्या बरोबर वर, वर्षातील सर्वांत सुंदर आकाश उलगडलेले असते.

त्या आकाशाच्या मध्यभागी कृत्तिका असतात. डोळ्यांना सहा तारका, दुर्बिणीला कितीतरी अधिक, आणि एकत्र पाहता लहानसा, किंचित धुरकट झुबका. खगोलशास्त्रात अशा समूहाला ‘तारकागुच्छ’ म्हणतात, आणि द्राक्षांच्या गावात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एकाच देठातून फुटलेल्या मण्यांसारखे हे तारेही एकाच वायुमेघातून जन्मलेले आहेत आणि अजून एकत्रच प्रवास करीत आहेत. कृत्तिका खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २४ अंश उत्तरेला आहेत आणि तासगाव सुमारे १७ अक्षांशावर. या दोहोंतील वजाबाकी सात अंशांची. म्हणून डिसेंबरच्या मध्यास रात्री पावणेअकराच्या सुमारास कृत्तिका तासगावच्या जवळजवळ माथ्यावर, किंचित उत्तरेकडे असतात. क्षितिजावरचा धूर, धूळ, शहराचा उजेड यांपासून आकाशातील हीच जागा सर्वांत दूर. युरोपातील छायाचित्रकाराला ही सोय मिळत नाही.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ सालच्या ग्रंथामुळे मराठी वाचकाला कृत्तिकांचे आणखी एक महत्त्व कळले. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे; त्यावरून त्या वचनाचा काळ किती प्राचीन असावा याचे गणित दीक्षितांनी मांडले. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्यामुळे आता ती स्थिती राहिलेली नाही. आज तासगावातून पाहिले तर कृत्तिका पूर्वबिंदूपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतात. जुन्या वैदिक नक्षत्रयाद्या कृत्तिकेपासून सुरू होतात, तर जैन आगमांतील सूर्यप्रज्ञप्तीची अठ्ठावीस नक्षत्रांची यादी अभिजितापासून. नक्षत्रांच्या या दोन गणती शेजारी ठेवून पाहिल्या तर प्राचीन काळी या भूमीत आकाश मोजणारे लोक एकाच मताचे नव्हते, हे उमजते.

या कृत्तिकांच्या परिसरात मधूनमधून एखादे शेंडेनक्षत्र येते. ग्रंथांतला शब्द धूमकेतू. आजीच्या तोंडी मात्र शेंडेनक्षत्रच. जानेवारी २००५ मध्ये मॅकहोल्झ नावाचा धूमकेतू कृत्तिकांच्या अगदी जवळून गेला. जानेवारी २०१५ मध्ये लव्हजॉय हिरवट प्रकाशाने त्याच भागातून सरकला. फेब्रुवारी २०२३ मध्ये झेडटीएफ रोहिणीजवळ, म्हणजे शेजारच्याच गुच्छापाशी दिसला. परंतु या सर्वांत तासगावच्या आकाशाला अगदी मापून शिवल्यासारखा योग आला तो डिसेंबर २०१८ चा.

त्या धूमकेतूचे नाव विर्तानेन. आकाराने तो नगण्य. गाभा जेमतेम सव्वा ते दीड किलोमीटरचा, म्हणजे तासगावच्या जुन्या गावठाणावर ठेवला तर मावेल एवढा. सूर्याभोवती त्याची फेरी सुमारे साडेपाच वर्षांची. १२ डिसेंबर २०१८ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता आणि चारच दिवसांनी, रविवार १६ डिसेंबरला, पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरांवर आला. चंद्राच्या अंतराची ही सुमारे तीसपट; पण धूमकेतूंच्या हिशेबात हे अंतर म्हणजे उंबरठ्याला पाय लावून जाणेच. त्या रात्री तो कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मधल्या पट्ट्यात, कृत्तिकांपासून तीन-चार अंशांवर होता. हात पूर्ण लांब करून दोन बोटे आडवी धरली तर त्यांच्या जाडीत मावेल एवढेच ते अंतर.

या धूमकेतूच्या शोधाची हकीकत छायाचित्रणाशीच बांधलेली आहे. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत कार्ल विर्तानेन हे ताऱ्यांच्या सूक्ष्म गती मोजण्यासाठी काचेच्या पट्ट्यांवर आकाशाची छायाचित्रे घेत असत. जानेवारी १९४८ मध्ये अशाच एका पट्टीवर त्यांना ताऱ्यांच्या गर्दीत एक न जुळणारा, सरकलेला ठिपका दिसला. ताऱ्यांचे चित्र घेतले आणि हाती धूमकेतू लागला. याच लिक वेधशाळेची एक तुकडी बरोबर पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रात येऊन गेली होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी विल्यम कॅम्बेल आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उतरले होते, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीही तेथेच तळ ठोकून ग्रहणाची छायाचित्रे घेतली होती. दक्षिण महाराष्ट्राच्या कोरड्या पठाराची हिवाळी हवा किती स्वच्छ असते याची पारख सातासमुद्रापलीकडच्या लोकांना तेव्हाच झाली होती.

त्याहीपूर्वीची एक घटना सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८८२ च्या सप्टेंबरात फार तेजस्वी धूमकेतू दिसला. दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळेचे डेव्हिड गिल यांनी स्थानिक छायाचित्रकाराचा कॅमेरा आपल्या दुर्बिणीवर बांधला आणि धूमकेतूची चित्रे घेतली. चित्रे धुतल्यावर गिल यांचे लक्ष धूमकेतूपेक्षा त्याच्या मागे उमटलेल्या असंख्य ताऱ्यांकडे गेले. कॅमेऱ्याने ताऱ्यांची नोंदवही तयार करता येईल ही कल्पना त्यातून निघाली आणि पुढे दक्षिण आकाशातील साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांची यादी छायाचित्रांवरून झाली. गिल धूमकेतू टिपायला गेले आणि त्यांना तारे मिळाले. विर्तानेन तारे टिपायला गेले आणि त्यांना धूमकेतू मिळाला. आपल्या देशाचे वेणू बाप्पू यांनाही १९४९ साली हार्वर्डमध्ये शिकत असताना छायाचित्राच्या पट्टीवरच नवा धूमकेतू गवसला, आणि बार्ट बोक व गॉर्डन न्यूकर्क या सहकाऱ्यांच्या नावांबरोबर त्यांचे नाव त्या धूमकेतूला लाभले.

विर्तानेन पाहू गेलेल्यांपैकी पुष्कळांची निराशा झाली, हेही नमूद केले पाहिजे. वर्तमानपत्रांनी ‘नुसत्या डोळ्यांनी दिसणारा धूमकेतू’ असे मथळे दिले होते. आकडे त्याला पाठिंबा देत होते. पण धूमकेतूचे तेज एका बिंदूत नसते, ते पूर्ण चंद्राहून मोठ्या वर्तुळात पसरलेले असते. पसरलेला उजेड फिका पडतो. गावातल्या गच्चीवरून काहीच दिसत नसे. माळावरून, डोळे वीस-पंचवीस मिनिटे अंधाराला सरावल्यावर, तिरक्या नजरेने पाहिल्यास फुंकरीसारखा धुरकट डाग तेवढा जाणवे. साध्या द्विनेत्रीतून तो स्पष्ट होई. लांबलचक शेपटीच्या अपेक्षेने गेलेल्या मुलांना हा डाग दाखवून समजूत घालणे हे काम अवघडच.

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र निराळी. डोळा उजेड साठवीत नाही. आलेला उजेड क्षणार्धात खर्च करतो. कॅमेरा थेंबाथेंबाने साठवतो. म्हणूनच चित्रात विर्तानेन हिरवागार दिसतो. सूर्याच्या उन्हाने बर्फ व धूळ मोकळी होते, तिच्यातून सुटलेल्या कार्बनच्या जोडअणूंना सूर्यप्रकाश चेतवतो आणि ते हिरवा प्रकाश टाकतात. तो रंग प्रत्यक्षात आकाशात असतोच, पण इतक्या मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत. बेदाण्याचा सौदा करणाऱ्यास हे नवे नाही. हिरवा, पिवळा, किंचित तपकिरी अशी प्रत ठरवायची तर माल उजेडात आणावा लागतो. ट्यूबलाइटखाली पाहून भाव बोलणारा फसतो. कॅमेऱ्यातही रंगसमतोल आपोआप ठरू न देता ‘दिवसाचा उजेड’ या खुणेवर ठेवतात, नाही तर रस्त्यावरच्या दिव्यांच्या पिवळेपणात धूमकेतूची हिरवाई हरवते.

जागा निवडणे हे या कामातील निम्मे यश. तासगावच्या दक्षिणेला पंचवीस-एक किलोमीटरांवर सांगली आणि पुढे मिरज. त्या बाजूचे आकाश रात्रभर दुधाळ असते. पश्चिमेला येरळा आणि तिच्यापलीकडे कृष्णाकाठचा उसाचा मुलूख. तेथे ओलावा, धुके, आणि गाळपाच्या हंगामात पाचटाचा धूर. उरली पूर्व. मणेराजुरीवरून कवठे महांकाळकडे किंवा सावळजच्या बाजूला जाणारे रस्ते धरले की जमीन हळूहळू उंचावते, ऊस संपतो आणि मुरमाड माळ सुरू होतो. एके काळी याच भागाची ओळख दुष्काळी अशी होती. आता द्राक्षबागांनी तो हिरवा केला आहे, तरीही दोन बागांमध्ये उघडा माळ सापडतो. क्षितिजावर ढालगावकडच्या पवनचक्क्यांचे तांबडे दिवे लुकलुकतात, तेवढाच व्यत्यय.

बागेत मात्र तिपाई लावू नये. चित्रात वेलींचे मांडव शोभून दिसतील असे वाटते. पण ठिबकाने भिजलेल्या मातीवर पहाटेपर्यंत इतके दव पडते की अर्ध्या तासात भिंगावर धुके बसते आणि सगळी चित्रे वाया जातात. ज्या दवाने शेतकरी दावण्याच्या भीतीने अस्वस्थ होतो तेच दव छायाचित्रकाराचे शत्रू. मुरमाड माळावर ते कमी पडते. तरीही भिंगाभोवती उबेची पट्टी गुंडाळावी, निदान दर वीस मिनिटांनी भिंग तपासावे. दुसरी अडचण माणसांची. हंगामात बागांवर राखण असते, आणि मध्यरात्री तीन पायांचे यंत्र घेऊन बांधावर उभ्या असलेल्या अनोळखी मंडळींना राखणदाराने “पाव्हणं, हितं काय चाललंय?” असे दरडावून विचारणे अगदी रास्त आहे. संध्याकाळीच बागमालकाला सांगून ठेवावे. बहुधा तोच राखणदार थोड्या वेळाने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावतो आणि “ह्यो हिरवा कसला वो?” म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो. अंधारात घोणस दिसत नाही, म्हणून पायांत बूट हवेत; हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

प्रत्यक्ष चित्रणाचे गणित सोपे आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे स्थिर कॅमेऱ्यासमोर तारे सरकत राहतात. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने सहा ते दहा सेकंदांपलीकडे झडप उघडी ठेवली तर ताऱ्याचा ठिपका न राहता रेघ होते. कृत्तिका, रोहिणी आणि धूमकेतू तिघे एका चौकटीत हवे असतील तर हेच भिंग पुरते. केवळ कृत्तिका आणि धूमकेतू यांची जोडी हवी असेल तर एकशे पस्तीसचे भिंग घ्यावे. पण मग सेकंद आणखी घटतात आणि आकाशाच्या गतीने फिरणारे आसन लागते. ते आसन ध्रुवाकडे रोखावे लागते. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच उंच असतो, म्हणजे तासगावात जेमतेम सतरा अंश. उत्तरेला एखादे घर, शेड किंवा उसाचा फड आला की तो गायब. काश्मीरमधील छायाचित्रकाराला तो चौतीस अंशांवर सहज मिळतो; तासगावकराने जागा निवडतानाच उत्तर मोकळी आहे ना हे पाहावे.

नजर जुळवणी, म्हणजे फोकस, हाताने करावी. रोहिणीचा तांबूस तारा पडद्यावर मोठा करून घ्यावा आणि तो सर्वांत लहान ठिपका होईपर्यंत कडे फिरवावे. मग त्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाकावी, कारण काळोखात बोट लागून ते हलतेच. संवेदनक्षमता सोळाशे ते बत्तीसशे. कृत्तिका माथ्यावर असताना कॅमेरा सरळ वर रोखावा लागतो आणि त्यातून पाहताना मानेची कसोटी लागते. चटईवर आडवे होऊन काम करणारे शहाणे. एका चित्राने भागत नाही. तशी पन्नास-साठ घेऊन संगणकावर एकावर एक बसवतात, तेव्हा दाणेदारपणा विरतो आणि मंद उजेड वर येतो. व्यापारात लहान लहान नफा जोडून वर्षाअखेर जी रक्कम उभी राहते, तसाच हा प्रकार.

येथे विर्तानेनची खरी गंमत होती. पृथ्वीच्या इतक्या जवळ असल्यामुळे तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दिवसाला सुमारे चार अंश सरकत होता. तासाभरात चंद्रबिंबाच्या एक तृतीयांश. साठ चित्रे ताऱ्यांवर जुळवली तर कृत्तिका टाचणीच्या टोकासारख्या स्वच्छ आणि धूमकेतू पुसलेला. धूमकेतूवर जुळवली तर तो गोल, ठसठशीत, आणि कृत्तिकांच्या रेघा. दोघांना एकाच वेळी न्याय देता येत नाही. म्हणून दोनदा जुळवणी करून शेवटी दोन्ही चित्रे एकत्र करतात. काही जाणकार यास लबाडी म्हणतात. पण दोन्ही थर त्याच रात्रीचे, त्याच कॅमेऱ्याचे आणि जेथे होते तेथेच ठेवलेले असतील तर हा आक्षेप टिकत नाही. कृत्तिका एका महिन्यातील आणि धूमकेतू दुसऱ्या महिन्यातला असे जोडकाम मात्र खोटा माल खऱ्याच्या खोक्यात भरण्यासारखे आहे.

त्या रात्री चंद्राचाही हिशेब ठेवावा लागला. मार्गशीर्ष शुद्ध नवमी. अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र सायंकाळी माथ्यावर होता आणि तो मावळायला मध्यरात्रीनंतरचा दीड वाजायचा होता. तोपर्यंत त्याच्या उजेडात धूमकेतू धुऊन निघे. चंद्रास्तानंतर कृत्तिका पश्चिमेकडे कललेल्या, तरीही पन्नास अंशांवर. पहाटे तीनपर्यंतची दीड तासांची ती संधी. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांतील मंडळींना अशा मोहिमेत एक फायदा असतो. रात्री डबे, चहा, शेकोटी यांचा पसारा नसतो. लवकर निजून एक वाजता उठले की झाले.

चित्र हाती आल्यावर त्यातील खोली जाणून घेण्यासारखी आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. १६ डिसेंबरच्या त्या चित्रातील धूमकेतूचा उजेड ३९ सेकंदांपूर्वी निघालेला होता. त्याच्या शेजारी उमटलेल्या कृत्तिकांचा उजेड सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता, तासगावचे गणपती मंदिर उभे राहायला दोनशे वर्षे अवकाश होता आणि गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे रोखली नव्हती. बोटभर अंतरावर दिसणाऱ्या दोन गोष्टींत एवढे अंतर.

शेंडेनक्षत्राची भीती मात्र सगळीकडे सारखीच आढळते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचार नावाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात कोणत्या केतूने कोणते अरिष्ट येते याची मोजदाद आहे. १९१० च्या मे महिन्यात हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार आणि तीत विषारी वायू आहे, अशी बातमी युरोप-अमेरिकेत पसरली. लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या आणि ‘धूमकेतूच्या गोळ्या’ विकत घेतल्या. भीतीला गिऱ्हाईक मिळते हे ओळखणारे चतुर विक्रेते सर्व देशांत असतात. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड त्याच महिन्याच्या ६ तारखेला वारला, त्याचे खापरही धूमकेतूवर फुटले. आणि त्याच वर्षी तासगावपासून फार दूर नव्हे, औंध संस्थानातील कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला नांगराचा कारखाना आणला आणि किर्लोस्करवाडी वसू लागली. अरिष्टाच्या वर्षी सुरू झालेला तो उद्योग पुढे केवढा वाढला हे दक्षिण महाराष्ट्रातील प्रत्येक व्यापाऱ्यास माहीत आहे. मुहूर्त पाहणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी ‘धूमकेतू’ नावाची विज्ञानकथा लिहिली, तिच्यामुळे मराठी मुलांच्या एका पिढीची ही भीती कुतूहलात बदलली.

आता खरी धास्ती धूमकेतूची नाही, उजेडाची आहे. २००५ साली मॅकहोल्झ आला तेव्हा ग्रामीण भागात भारनियमन नित्याचे होते. त्या काळी विजेच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांना कल्पना नव्हती की आपल्या अंगणातून आकाशगंगा दिसते ती त्याच कृपेने. २०१५ पर्यंत चित्र पालटले. पांढऱ्या एलईडी दिव्यांनी रस्ते, शीतगृहे, पंप, मंगल कार्यालये उजळली. हिवाळ्यात ड्रॅगन फ्रूटच्या बागांत दिवस लांबवण्यासाठी ओळीने दिवे लागू लागले आणि दुष्काळी माळाचा अंधारही विरळ झाला. यातील बहुतेक दिवे गरजेचे आहेत, त्यांना नाव ठेवण्यात अर्थ नाही. परंतु ज्या दिव्याला वरून झाकण नाही तो आपला निम्मा उजेड आकाशात उधळतो, आणि त्या उधळलेल्या उजेडाचेही बिल येते. गोदामावरचा दिवा खाली वळवला, वर पत्र्याची टोपी बसवली, प्रकाश पिवळट ठेवला, तर आवारात उजेड तेवढाच राहतो आणि खर्च घटतो. आणखी एक गोष्ट जैन घरांना विशेष सांगावी लागत नाही. उघड्या पांढऱ्या दिव्याभोवती रात्रभर किती जीव घिरट्या घालून मरतात, हे पहाटे ओटा झाडणाऱ्यास दिसते. तांबड्या किंवा पिवळट उजेडाकडे कीटक कमी ओढले जातात. छायाचित्रकार डोळ्यांची सवय मोडू नये म्हणून तांबडी विजेरी वापरतात. तिचा हा दुसरा लाभ. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाने आपले दिवे बदलून २०२४ साली भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ होण्याचा मान मिळवला, तेथेही मुख्य काम झाकणांचे आणि रंगाचेच होते.

तासगावातूनच, माळावर न जाता, एखादे चित्र घ्यावयाचे असेल तर परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपती मंदिराचे सात मजली गोपूर उत्तम. महाराष्ट्रात असे दाक्षिणात्य घाटाचे गोपूर विरळाच. त्याची उंची ९६ फूट. डिसेंबरच्या मध्यास सायंकाळी सात वाजता कृत्तिका ईशान्य-पूर्वेला सुमारे अडतीस अंशांवर असतात. गोपुराच्या नैर्ऋत्य-पश्चिमेला साठ-सत्तर मीटरांवर मोकळी जागा मिळाली तर कळस पंचवीस अंशांच्या आसपास येतो आणि त्याच्या वर कृत्तिकांचा झुबका बरोबर बसतो. चोवीस मिलिमीटरचे भिंग, चार-पाच सेकंद, आणि रस्त्यावरचा दिवा चौकटीबाहेर. मंद धूमकेतू अशा चित्रात उमटणार नाही. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलस आला तसा तेजस्वी असेल तर मोबाइलमध्येही येतो. तो १५ ऑक्टोबरला मेसिए ५ या गोलाकार तारकागुच्छाजवळून गेला, तेव्हा तासगाव परिसरात फळछाटणी जोरात होती आणि संध्याकाळी पश्चिमेकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

हॅलेचा धूमकेतू पुन्हा सूर्याजवळ येईल तो २८ जुलै २०६१ रोजी. आज दहा वर्षांचे असलेले मूल तेव्हा पेढीवर बसलेले असेल. ते दिवस आषाढाच्या आसपासचे, पावसाळ्याचे. कोकणात आणि कृष्णाकाठी आकाश मिळणे कठीण. परंतु सावळज-मणेराजुरीच्या पूर्वेकडचा पट्टा पर्जन्यछायेतला आहे, तेथे जुलैतही ढग फाटतात आणि मध्येच दोन-तीन तास आकाश मोकळे होते. जागा आताच पाहून ठेवावी, आणि तिच्या उत्तरेला शेड बांधायची असेल तर थोडी बाजूला बांधावी.